निजवलेली प्लेट

आमच्या घरात वीज होती, असं म्हणायला हरकत नव्हती. भिंतीला बोर्ड होता, बोर्डावर दोन बटणं होती, आढ्यापासून वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला बल्बही होता. बल्बात मात्र काही नसायचं. गोरेगावहून सेनगावकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथवर वीज यायची ती स्वतःच्या मर्जीनं. भर दुपारी उन्हात बल्ब पेटलेला, आणि दिवेलागणीला गुल. आली की साऱ्या गल्लीतून "आली, आली" असा एकच गलका उठायचा, गिरणीवाला घाईनं पट्टा चढवायचा आणि बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पळत सुटायच्या. निम्मं दळण झालं की गिरणीचा आवाज बसत बसत बंद व्हायचा. मग राहिलेली ज्वारी तशीच घेऊन घरी यायचं आणि मायच्या शिव्या खायच्या, जणू मीच तार तोडली. आता माझी नात दोन मिनिटं लाइट गेली तर मोबाइल चार्ज व्हायचा राहिला म्हणून तोंड फुगवून बसते. तिला मी काही सांगायला गेले की म्हणते, आजी, तुझं झालं सुरू. म्हणून कागदावर सांगते आहे. कागद तोंड फुगवत नाही.

घरात आम्ही पाच माणसं. अण्णा, म्हणजे माझे वडील, माय, माझा थोरला भाऊ दिगंबर, त्याला मी नुसतं भाऊ म्हणायची, मी, आणि कौसाआत्या. आत्या ही अण्णांची मोठी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांतच तिचा नवरा तापानं गेला, पदरी लेकरू नाही, तेव्हा जी माहेरी आली ती कायमचीच. माय नावाला घरची मालकीण, राज्य सगळं आत्याचं. चुलीत किती लाकडं घालायची इथपासून कोणत्या शेळीचं दूध कुणाला द्यायचं इथपर्यंत तिचा शब्द चालायचा. माय मनातून धुसफुसायची, पण आत्याच्या हातच्या येसरपुढं तिचंही काही चालत नव्हतं. भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं ते पीठ आत्या उन्हाळ्यात डबा भरून करायची. पाण्यात कालवून उकळी आली की घरभर असा वास सुटायचा, की रुसलेलं माणूसही ताटावर येऊन बसावं. भाऊला तर तिनंच वाढवला. मायच्या अंगावर दूध नव्हतं तेव्हा शेळीच्या दुधात बोट बुडवून तिनं त्याला चाटवलं, हे आम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो. जगात तिला दुसरं काही नव्हतं. ती तसं तोंडानं म्हणायचीसुद्धा, आणि ते ऐकून मला राग यायचा. मी काय मग रस्त्यावर सापडले होते?

भाऊ बारावीला आपटला आणि हिंगोलीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. अण्णांना ते पटत नव्हतं. थोडंसं शेत, त्यातून पाच तोंडं, आणि एकुलता एक पोरगा रेडिओच्या पोटात तोंड घालून बसतो, ह्याचा त्यांना संताप यायचा. आमचा मामा पुण्याकडं कंपनीत होता. तो भाऊला एकदा घेऊनही गेला होता. आठ दिवसांत भाऊ परत आला. एका खोलीत सात पोरं, पाळीपाळीनं झोपणं, शिफ्टचा भोंगा, म्हणाला, "मला तिथं जीव घाबरतो अण्णा. मी हितंच काहीतरी करतो." आत्यानं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि सगळ्यांना बजावलं, की ह्यापुढं ह्या घरात पुण्याचं नाव काढायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात भाऊनं दुकानमालकाकडून एक खोकं आणलं. मालकानं ते नांदेडच्या भंगारातून उचललं होतं. आत उन्हावर वीज करणाऱ्या निळ्या पातळ चकत्या होत्या. कुठल्याशा कारखान्यानं कोपरे तुटले म्हणून फेकून दिलेल्या. पापडाहून नाजूक. भाऊ म्हणाला, ह्या एकीला एक जोडून काचेखाली बसवल्या की प्लेट तयार होते, प्लेटवर बॅटरी भरते आणि बॅटरीवर दिवा लागतो, महावितरण गेलं तेल लावत. तेव्हा त्या खात्याचं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण शिवी हीच होती. अण्णांनी चकती बोटांत धरून पाहिली. ती लगेच मोडली. मोडलेले दोन तुकडे त्यांनी परत खोक्यात ठेवले आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. गावातल्या चार-पाच घरांनी तुझी ही प्लेट घेतली आन ती चालली, तर गोरेगावात तुला दुकान टाकून देतो. न्हाई चालली तर मामासंगं जायचं. मग रडायचं न्हाई." भाऊ म्हणाला, "न्हाई रडणार." आत्या चुलीपाशी होती. त्या दिवसापासून तिनं गावातल्या बायांना प्लेटीचं कौतुक सांगायला सुरुवात केली. प्लेट अजून व्हायची होती.

ती झाली आमच्या स्वयंपाकघरात. चकत्या जोडायच्या त्या कथलानं, आणि कथील वितळवायची दुकानातली गन चालायची विजेवर. म्हणजे विजेवाचून चालणारा दिवा करायचा तर आधी वीज पाहिजे. भाऊनं मग लोहाराकडून एका सळईला तांब्याचं टोक बसवून आणलं आणि ती सळई चुलीत तापवून काम सुरू केलं. एका बाजूनं माय भाकरी थापते आहे, दुसऱ्या बाजूनं भाऊ सळई बाहेर ओढतो आहे, राळेत बुडवतो आहे, आणि सगळं घर राळेच्या धुरानं आणि भाजत्या भाकरीच्या वासानं भरलेलं. भाकरीला राळेची चव लागायची. अण्णा घास थुंकून म्हणायचे, "ही भाकर हाय का देवळातला धूप?" माझं काम पट्टी धरायचं. केसाएवढी बारीक चंदेरी पट्टी चिमट्यानं चकतीवर धरून ठेवायची आणि भाऊनं सळई टेकवून उचलेपर्यंत श्वास सोडायचा नाही. हात हलला की चकती गेली. मी किती मोडल्या ते विचारू नका, त्यानंही कधी विचारलं नाही. सगळ्या जोडून झाल्यावर लाकडी चौकटीत फळी, फळीवर चकत्या, वर खिडकीची काच, आणि काचेच्या कडेनं सुतार लावतात ती लांबी. खडू आणि जवसाचं तेल मळून ती लांबी आत्यानंच करून दिली. पुरणाच्या कणकेसारखी तिंबली होती बाईनं.

जीपची एक जुनी बॅटरी आणि मोटारसायकलचा बल्ब. भाऊनं प्लेट माळवदावर नेली. आमच्याकडं त्या वेळी सगळ्यांची मातीची सपाट छतं, त्यांना माळवद म्हणतात. बाभळीच्या दोन खुंट्यांवर त्यानं ती तिरपी टेकवली, दिवसभर ऊन खाऊ दिलं आणि दिवेलागणीला बल्ब पेटला. पिवळा, एवढासा, पण पेटला तो पेटलाच. पहिली माय बोलली. वर बघत म्हणाली, "अगं बाई, भिंती किती काळ्या झाल्यात गं." अण्णा हसले. भाऊच्या प्लेटीमुळं अण्णा हसले, हे एवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मिरच्या वाळत घालायला माळवदावर गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली.

"काहून रे दिगा, ह्याचं तोंड कुणीकडं हाय?"

"दक्षिणेला," भाऊ खालून म्हणाला.

"दक्षिणेला काहून?"

"ऊन तिकडून घावतं आत्या. हिवाळ्यात सूर्य तिकडं सरकतो. बराबर तिकडंच तोंड पाहिजे, तवाच बॅटरी भरते."

आत्या खाली आली. मिरच्यांचं सूप तिनं जमिनीवर ठेवलं आणि भाऊसमोर बसली. ती चिडली नव्हती, त्यामुळंच मला भीती वाटली. म्हणाली, "माणूस गेल्यावर तिथं दिवा ठेवतेत, त्याची वात कुणीकडं करतेत?" भाऊ सुपातल्या मिरच्या चाळवू लागला. "सांग की. तुला ठावं हाय. दक्षिणेला करतेत. मी एकदा ठेवलाय तसा दिवा, दहा दिस. आता तू म्हणतूस घरावर बारा महिने तसा दिवा ठेवायचा. ह्या घरात तू एकुलता एक हायस. मी न्हाई ठेवू देणार."

अण्णा मध्ये पडले. म्हणाले, "अक्का, दिवा खाली हाय. वर नुसती काच हाय." पण आत्याचं म्हणणं, काचेतून दिवा पेटतो म्हणजे काच हाच दिवा. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताट सरकवून उठली. तुम्ही हसाल, मीसुद्धा तेव्हा मनात हसले होते. पण आमच्याकडं दक्षिणेला तोंड करून कुणी जेवत नसे, चुलीचं तोंड तिकडं नसे, घराचं दार तिकडं निघत असलं तर लोक घर पाडून फिरवत. आणि आत्यानं ते तरुणपणी स्वतः भोगलेलं. तिला कोण काय समजावणार?

आत्या उपाशी आहे हे भाऊला बघवलं नाही. त्यानं प्लेट पूर्वेला फिरवली. सकाळी बरं, पण दुपार कलली की प्लेटीची पाठ उन्हाला, आणि बल्ब भाकऱ्या व्हायच्या आत विझायचा. मग तोडगाही आत्यानंच काढला. म्हणाली, "निजव की तिला. निजल्यावर तोंड वर असतंय. वर देव हाय, यम न्हाई." भाऊला हसू आलं. त्यानं खुंट्या काढल्या आणि प्लेट माळवदावर आडवी ठेवून दिली. आणि काय सांगू, बॅटरी आधीपेक्षा जास्त भरली. वैशाखातला सूर्य, दुपारी बरोबर डोक्यावर; निजलेली प्लेट त्याच्या समोरासमोर. आत्याच्या चालीत फरक पडला. पाण्याला निघाली तरी जणू वरातीत निघाली आहे. "शिकल्याली माणसं," म्हणायची, "त्येन्ला साधं निजवायचं सुचलं न्हाई."

प्लेटी विकल्या त्या तिनंच. भाऊ तोंडाचा मुका, त्यानं चार घरं जन्मात गाठली नसती. आत्या घरोघर जायची, चहा प्यायची, आणि सांगायची, "आमच्या दिगाची प्लेट निजल्याली असती. दक्षिणेचं भ्या न्हाई." शेजारच्या दोन घरांनी घेतली, पाटलाच्या गड्यानं घेतली, देवळाच्या पुजाऱ्यानं घेतली आणि गयाबाई शिंपिणीनं घेतली. गयाबाई एकटी बाई, मशीनवर पोट. दिवे लागल्यावर तासभर जास्त शिवता आलं तरी तिला खूप होतं. आमचं स्वयंपाकघर कारखाना झालं. पुजाऱ्याच्या घरी भाऊनं प्लेटीच्या एका कडेखाली गुपचूप वीट सारली, थोडी तरी तिरपी राहू दे म्हणून. संध्याकाळी पुजारीणबाई ती वीट हातात घेऊन आमच्या दारात. "ही राहिली होती खाली," म्हणाल्या. "कौसाआक्कांनी सांगितलं, निजल्यालीच पाहिजे." भाऊनं वीट घेतली. रात्री जेवताना मला म्हणाला, "सुमे, दुकानाला नाव काय देऊ गं?" मी म्हटलं, आत्याचं दे. तो म्हणाला, "तेच देणार हाय."

इतकं जवळ आलं होतं सगळं.

पाऊस लागला आणि झड बसली. झड म्हणजे दिवसच्या दिवस थांबत नाही तो पाऊस. पहिली आमची प्लेट गेली. बल्ब लाल झाला, मग नुसती तार दिसायला लागली, मग तीही नाही. भाऊ म्हणाला, ढग आहेत, ऊन पडू दे. ऊन पडलं. बल्ब नाही पेटला. त्यानं प्लेट खाली आणली, खिळे काढले आणि काच उचलली, तर आतून पाणी ओतलं. मी शेजारीच होते, माझ्या पायांवर पडलं ते. चौकटीची कड काचेहून वर, त्यामुळं आडव्या प्लेटीवर तळं साठायचं, आणि त्या तळ्यात दिवसरात्र भिजून लांबी फुगून उकलली होती. चंदेरी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. भाऊनं एक ओढली तर ती चकतीचा थर घेऊन वर आली. त्यानं ती फळीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "तिरपी असती तर पाणी वाहून गेलं असतं." आणि लगेच माझ्याकडं बघून, "आत्याला सांगू नको. माझ्या गळ्याची शपथ हाय."

त्यानं हातपाय गाळले नाहीत. पावसातच पाचही घरी पळाला, प्लेटी तिरप्या करू पाहिल्या. पण तोवर बहुतेकींच्या आत पाणी शिरलं होतं. एकेक करून लोक प्लेटी आणून आमच्या ओसरीवर ठेवत गेले. कुणी भांडलं नाही, हे जास्त वाईट. "ऱ्हाऊ दे दिगा, तुझी बी मेहनतच हाय," म्हणायचे आणि चिखलाचे पाय वाजवत निघून जायचे. ओसरीवर आम्हाला बसायला जागा उरली नाही. नव्या चकत्या मिळतात का बघायला भाऊ नांदेडला जाऊन आला, मोकळ्या हातानं. आत्या त्या काचांमधून वाट काढत शेळ्यांना पाला घालायची आणि पुटपुटायची, कुणाची तरी नजर लागली. भाऊ ऐकायचा आणि म्हणायचा, "नजर न्हाई आत्या. माझंच काम कच्चं हाय."

दसऱ्याला मामा आला. सोनं वाटून झालं, पुरण जेवून झालं. अण्णा भाऊच्या पिशवीला बांधायला दोरी घेऊन आले. भाऊ गेला तेव्हा आत्या जीपच्या मागं वळणापर्यंत चालत गेली. "कायमचा कधी येतूस?" एवढंच विचारत होती. भाऊ म्हणाला, "येतो की." तो रडला नाही. त्यानं अण्णांना तसं कबूल केलं होतं.

पाच प्लेटी ओसरीवर आल्या होत्या, आमची धरून. सहावी आलीच नाही. गयाबाईची प्लेट चालू होती. त्या हिवाळ्यात चालली, पुढच्या पावसाळ्यात चालली. आत्याला ते कधी कळलं, कुणास ठाऊक. एक दिवस ती ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्तानं गयाबाईकडं गेली. मी सोबत होते. बाहेर काळोख पडत होता आणि आत भाऊचा बल्ब मशीनवर उजेड पाडत होता. आत्या अंगणात उतरली, मागं सरकत सरकत पार रस्त्यावर गेली आणि छताकडं बघत उभी राहिली. सगळ्या गावात माळवदं, पण गयाबाईच्या घराला पत्रे होते, एका अंगाला उतरते. प्लेट त्यांच्यावर निजलेलीच होती, कुणी तिला उभी केली नव्हती. पत्रेच तिरपे होते. आत्यानं मावळतीकडं पाहिलं, मग पुन्हा पत्र्यांकडं. दिशा कळायला तिला शाळेत जावं लागलं नव्हतं; उतार दक्षिणेला होता. वाटेत मला म्हणाली, "गया तर धडधाकट हाय."

भाऊ सणावाराला यायचा. दर वेळी थोडा आणखी बारीक, थोडा आणखी अबोल. शिफ्टच्या सवयीनं भलत्या वेळी झोपायचा, भलत्या वेळी उठायचा. घरातलं बटण बिघडलं तरी हात लावायचा नाही, म्हणायचा, वायरमनला बोलवा. त्यानंतरच्या दिवाळीला आला तेव्हा तो गयाबाईकडं गेलाही नाही. दुपारचा जेवायला बसला होता. आत्यानं भाकरी कुस्करून दिली, वर येसर वाढली आणि वाढता वाढता विचारलं, "दिगा, खरं सांग. तवा दक्षिणेला ठिवली असती, तर चालली असती का रे प्लेट?"

मी पाणी भरत होते. माझा तांब्या हातातच राहिला.

भाऊनं वर पाहिलं नाही. "न्हाई आत्या," म्हणाला. "तरी बी चालली नसती. काम कच्चं होतं माझं."

"मग गयाची काहून चालती?"

"नशिबानं."

खोटं होतं ते. मी त्याच्या शेजारी बसून ते पाणी पायांवर घेतलं होतं, मला ठाऊक होतं. आणि शेळीच्या दुधात बोट बुडवून ज्याला वाढवला, तो कधी खोटं बोलतो हे आत्यालाही ठाऊक होतं. तिनं पळी पातेल्यात ठेवली. "जेव," म्हणाली.

भाऊ आता साठीला आला. तिकडंच घर, तिकडंच लेकरं, गावाकडं लग्नकार्यापुरता. आमच्या शिवारात आज विहिरीविहिरीवर प्लेटी उभ्या आहेत, झाडून सगळ्या दक्षिणेला तोंड करून, आणि त्यांच्या सावलीत बसून लोक जेवतात. कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. मी त्या वाटेनं जायचं टाळते.

त्या दिवाळीनंतर भाऊ परत निघाला तेव्हा आत्या नेहमीसारखी वळणापर्यंत गेली. जीप आली, त्यानं पाया पडून पिशवी आत टाकली. कायमचा कधी येतूस, असं ती दर वेळी विचारायची. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण पुन्हा कधीच विचारलं नाही.